सांगायचं आणि लपवायचंही : रहस्यपटाच्या पोस्टरची भाषा



पोस्टर म्हणजे सिनेमाची जाहिरात, आणि जाहिरातीवर कसली समीक्षा करायची, असा प्रश्न समोर बसलेल्यांपैकी काहींच्या मनात असणार. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. सिनेमा आपण ठरवून पाहतो. तिकीट काढतो, वेळ काढतो, अंधारात बसतो. पोस्टर आपण ठरवून पाहत नाही. भाजी आणायला जाताना ते दिसतं, एसटीच्या खिडकीतून दिसतं, सिग्नलला थांबलं की दिसतं. जो माणूस सिनेमाला कधी गेलाच नाही, त्यानेही त्याचं पोस्टर पाहिलेलं असतं. म्हणजे गावात सर्वांत जास्त डोळ्यांखालून गेलेलं चित्र कुठलं, तर ते पोस्टर. एवढ्या लोकांनी पाहिलेलं चित्र लोकांना काय शिकवतं, हे विचारायलाच हवं.

आता पोस्टरांतही आम्ही रहस्यपटाचंच पोस्टर का निवडलं? कारण त्याची अडचण सगळ्यांत मोठी आहे. पौराणिक चित्रपटाच्या पोस्टरवर देव दाखवला की काम झालं. तमाशापटाला फेटा, ढोलकी आणि नऊवारी पुरते. विनोदी चित्रपटाला हसरे चेहरे लागतात. या सगळ्यांचं कसं आहे, की जे दुकानात आहे तेच दारावर टांगायचं. रहस्यपटाला तसं करता येत नाही. दुकानातला जो मुख्य माल आहे, म्हणजे ‘कोणी केलं’ किंवा ‘खरं काय होतं’, तोच दारावर टांगला तर दुकान बंद! पण काहीच टांगलं नाही तर गिऱ्हाईक आत येणार कसं? तेव्हा या पोस्टरला एकाच कागदावर दोन उलट कामं करावी लागतात. ‘इथे काहीतरी दडलंय’ हे ओरडून सांगायचं, आणि काय दडलंय ते ओठांवर येऊ द्यायचं नाही. आजचं आमचं सगळं म्हणणं या दोन कामांभोवती आहे.

त्याआधी शब्दांची थोडी साफसफाई करू. आपण बोलताना सगळ्यालाच ‘थ्रिलर’ म्हणतो. पण भिंतीवर हे प्रकार वेगवेगळे दिसतात आणि प्रेक्षकाला ते न शिकवता कळतात. भयपटाचं पोस्टर सांगतं की तुमच्या पाठीमागे कोणीतरी आहे. गुन्हेगारीपटाचं पोस्टर माणसांचा घोळका दाखवतं, बंदूक दाखवतं, आणि विचारतं की यांतला टिकेल कोण. थरारपट सांगतो की वेळ संपत आलीय, म्हणून त्यात धावणं, घड्याळ, गाडी, उंच कडा. आणि रहस्यपटाच्या पोस्टरवर काहीतरी गैरहजर असतं. अर्धा चेहरा असतो, अर्धा नसतो. दार उघडं असतं, पण दारात कोणी नसतं. सावली असते, पण ज्याची सावली तो माणूस चौकटीबाहेर असतो. ही गैरहजेरी दाखवण्याची कला म्हणजेच रहस्यपटाचं पोस्टर, असं आम्ही म्हणू.

आता सोलापूरकडे येऊ, कारण ही कला समजून घ्यायला सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही. इथल्या रस्त्यावर मराठी आहे, कानडी आहे, पूर्व भागात घरोघर तेलुगू आहे, उर्दू आणि दखनी आहे. एकाच बसमध्ये चार भाषा बोलल्या जातात आणि चौघांनाही एकमेकांचं निम्मं कळतं. गिरण्यांच्या, हातमागाच्या, यंत्रमागाच्या आणि विड्यांच्या या गावात एक मोठा प्रेक्षकवर्ग असा होता, की ज्याला बोलायला तीन भाषा येत आणि वाचायला जेमतेम एक किंवा तीही नाही. अशा ठिकाणी पोस्टरवरचं नाव वाचून सिनेमा ठरवणारे किती? चित्र बघूनच ठरवायचं. ‘फायटिंगचा हाय का रडायचा?’ हा प्रश्न चित्राने सोडवायचा. हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांवर नाव नागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत छापण्याची पद्धत होती, ती याच अडचणीवरचा एक तोडगा. पण खरा तोडगा चित्राचाच.

म्हणून थिएटरवरचा मोठा हाताने रंगवलेला फलक इथे नुसता पूरक नव्हता, तो मुख्य होता. सोलापुरात बॅनर म्हटलं की जुनी मंडळी अजून यल्ला-दासी या जोडीचं नाव घेतात. आपला भागही या कलेला अनोळखी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. तेच पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२०च्या दशकात आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवू लागले. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज भारतीय चित्रपटाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत धरतात. आणि आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित. त्यांनी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहासाठी शोकार्डं रंगवली. पौराणिक चित्रांनी ते घराघरांत गेले ते गेलेच, पण चेहऱ्यावर प्रकाश कुठून पाडायचा म्हणजे चेहरा बोलेल, हे त्यांचं शिक्षण सिनेमाच्या जाहिरातीतही झालेलं आहे.

फलक रंगवणाऱ्याची रीत बघा. हातात लहानसा स्टिल फोटो. त्यावर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून पाडायच्या, आणि घर मोजत मोजत चेहरा उतरवायचा. इथपर्यंत नक्कल. खरी गंमत रंगात. वीस फूट उंच चेहरा लांबून दिसला पाहिजे, म्हणून गालावर हिरवा फटकारा, कपाळावर निळा, डोळ्याखाली लाल. जवळून पाहिलं तर माणूस आजारी वाटेल! पण रस्त्याच्या पलीकडून पाहिलं की तो संतापलेला वाटतो. नायकाच्या चेहऱ्याला उजेडाचे रंग आणि संशयित माणसाच्या चेहऱ्याला थंड, निळसर-हिरवे रंग, ही वाटणी कुठल्या पुस्तकात नव्हती, पण ब्रशच्या हाताला ठाऊक होती. आणि बघणाऱ्यालाही. निळा चेहरा दिसला की ‘हा काहीतरी करणार’.

ही सवय फक्त सिनेमाने लावली असंही नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँच्या बाहेरची रंगवलेली पाटी आठवा. आतला खेळ दोन मोटारसायकलींचा असतो, पण पाटीवर ज्वाळा असतात, कवटी असते. भीती बाहेर टांगायची आणि तिकीट आत फाडायचं, हा धंदा जुना आहे. तसंच छापील रहस्यकथेचं. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असत. झुंजार आणि काळा पहाड हे वीर आधी मुखपृष्ठावर भेटत, मग पानांत. एसटी स्टँडवर चार-आठ आण्यांत ती पुस्तकं हातात पडणाऱ्या पिढीला, मुखवटा म्हणजे काय, हातमोजा म्हणजे काय, खिडकीतला उजेड म्हणजे काय, हे सिनेमाच्या पोस्टरआधीच पाठ होतं. पोस्टरने ही तयार बाराखडी उचलली.

या बाराखडीतली काही अक्षरं जरा जवळून पाहू. पहिलं अक्षर म्हणजे नाव. मराठी रहस्यपटांची नावं एका ओळीत ठेवली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘हा खेळ सावल्यांचा’, ‘लपाछपी’, ‘चेकमेट’. छोट्या पडद्यावर ‘रात्रीस खेळ चाले’. सगळीकडे खेळ! आणि ‘पाठलाग’ हाही एक परीने पळापळीचाच डाव. मराठी प्रेक्षकाला रहस्यपट म्हणजे आपल्याशी मांडलेला डाव वाटतो, असं या नावांवरून आम्हाला वाटतं. पोस्टर म्हणतं, ‘या, बसा, ओळखा पाहू’. उलट २०१३च्या ‘पुणे ५२’ने खेळाचं नाव घेतलं नाही, पत्त्यासारखं नाव घेतलं. गुप्तहेराची गोष्ट आहे, पण ती परदेशी कोटातली नाही, आपल्याच गल्लीतली, हे नावानेच सांगून टाकलं.

दुसरं अक्षर म्हणजे खरोखरचं अक्षर. नागरी लिपीला शिरोरेषा आहे, ही आपल्या पोस्टर रंगवणाऱ्यांच्या हाती आलेली मोठी सोय. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना तडा द्यायचा तर एकेकाला द्यावा लागतो. आपली शिरोरेषा एका जागी तोडली की अख्खं नाव मोडतं. ती जरा तिरकी केली की नाव घसरायला लागतं. आणि कान्याचं टोक खाली ओघळवलं की रक्त! हे ओघळणारं अक्षर इतकं वापरलं गेलं की आता ते पाहून भीती वाटत नाही, हसू येतं. पण एकेकाळी न वाचता येणाऱ्यालाही ते अक्षर ‘वाचता’ येत होतं, ही त्याची कमाई विसरू नये.

तिसरं अक्षर म्हणजे सेन्सॉरचा गोलातला ‘ए’. कायद्याने तो प्रेक्षकाला सावध करण्यासाठी असतो. भिंतीवर मात्र तो आमंत्रण झाला. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) यांसारख्या चित्रपटांच्या काळात तो ‘ए’ म्हणजे आत भूतही आहे आणि आणखीही काही आहे, असा अर्थ गावोगाव पक्का झाला होता.

आता व्यक्तिरेखेकडे वळू. रहस्यपटात मुख्य जागा तीन. एक बळी, एक शोधणारा, एक संशयित. पोस्टरला या तिघांना चेहरे द्यायचे असतात, पण कुठला चेहरा कुठल्या जागेवर, हे सांगायचं नसतं. इथे बाहेरचं एक उदाहरण घेतो, कारण त्याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडत नाही. फ्रिट्झ लांगचा १९३१चा जर्मन चित्रपट, नाव एकच अक्षर, ‘एम’. त्याच्या पोस्टरवर उघडा पंजा आणि पंज्यावर ते अक्षर. पाहणाऱ्याला वाटतं, हा खुन्याचा हात. चित्रपटात कळतं की हा खुन्याचा हात नाहीच. खुन्याच्या मागावर असलेला माणूस खडूने तळहातावर अक्षर काढतो आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून ते उमटवतो. म्हणजे पोस्टरने एक शब्दही खोटा न सांगता आपल्याला चुकीच्या बाजूला पाठवलं. दाखवलं ते खरं होतं, आपण लावलेला अर्थ चुकला. चांगल्या रहस्यपटाच्या पोस्टरची कसोटी आम्ही हीच मानतो. सिनेमा पाहून बाहेर आल्यावर त्याच पोस्टरकडे पुन्हा पाहावं, आणि ते आता वेगळं दिसावं, पण खोटं ठरू नये.

आपल्याकडे हे काम पंज्याने नाही, चेहऱ्यांनी केलं. आपल्या सिनेमात नटाचा चेहरा हाच प्रकार असतो. १९९३च्या ‘झपाटलेला’चं पाहा. बाहुल्यात शिरलेला गुंडाचा आत्मा, हे कथासूत्र भयपटाचं. तात्या विंचूचा चेहरा लहान मुलांची झोप उडवेल असा. पण शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे दिसले की आईबापांना कळायचं, पोरांना न्यायला हरकत नाही, घाबरतील पण हसतीलही. दोन चेहरे, दोन प्रकार, आणि त्यांची बेरीज म्हणजे महेश कोठारेंचा सिनेमा. हे समजवायला एका वाक्याचीही गरज पडली नाही.

पण चेहरा म्हणजेच प्रकार, या सवयीचा सर्वांत चतुर उपयोग पाहायचा तर आपल्या गावच्याच एका अभिनेत्रीकडे जावं लागेल. शशिकला. जन्म १९३२, सोलापूर. १९६०च्या दशकात हिंदी सिनेमात त्यांचा चेहरा दिसला की प्रेक्षक सावरून बसायचा. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) या दोन्हींसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिरका कटाक्ष, उंचावलेली भुवई, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू. जाहिरातीत एवढं असलं की ‘ही घर फोडणार’ हे वेगळं लिहावं लागत नसे.

आता बी. आर. चोप्रांचा ‘गुमराह’ घ्या. साठ वर्षं उलटून गेली, तेव्हा गुपित सांगायला हरकत नसावी. विवाहित नायिकेला एक बाई पैशांसाठी छळते, धमकावते. ती बाई म्हणजे शशिकला. प्रेक्षकाला वाटतं, हे तर अपेक्षितच, खलनायिकाच ती. आणि शेवटी कळतं की ती खलनायिका नाही. नवऱ्याचीच सेक्रेटरी, त्याच्याच सांगण्यावरून हे सोंग करत होती. हे रहस्य टिकलं कशामुळे? पटकथेमुळे, हो. पण त्याहून जास्त शशिकलाबाईंच्या आधीच्या सगळ्या भूमिकांमुळे. त्यांच्या चेहऱ्याने आधीच निकाल दिलेला होता, म्हणून कोणी पुढे तपास केला नाही.

याच्या नेमकी उलट बाजू ‘गुप्त’ (१९९७). तिथे काजोल जाहिरातीत नायिका होती. प्रेमाच्या त्रिकोणातली, गाण्यांतली. नायिकेवर संशय घ्यायचा नसतो, ही आपली शिस्त. त्या शिस्तीच्या आड सिनेमाने आपलं गुपित लपवलं. पुढे काजोलला फिल्मफेअरचा खलभूमिकेचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. एकीकडे वाईट ठरलेला चेहरा निर्दोष निघतो, दुसरीकडे चांगला ठरलेला चेहरा दोषी निघतो. दोन्हीकडे फसवलं कोणी? पोस्टरने नाही, मंडळी. आपल्या सवयीने.

आणि मुद्दा इथे गंभीर होतो. सवय पडद्यापुरती राहत नाही. कुठला चेहरा ‘संशयित’ दिसतो, हे या गावाने, या राज्याने वर्षानुवर्षं भिंतींवरून शिकून घेतलं आहे. काळा रंग, चेहऱ्यावरचा वण, एक डोळा अधू, पाठीला कुबड, एखाद्या विशिष्ट धर्माचा पेहराव, गळ्यातला रुमाल आणि चट्ट्यापट्ट्याचा बनियन. हे सगळे पोस्टरवर ‘गुंड’ या शब्दाचे समानार्थी झाले. रंगवणाऱ्याच्या मनात द्वेष होता असं आम्ही म्हणत नाही. त्याला तीन सेकंदांत रस्त्यावरच्या माणसाला अर्थ पोचवायचा होता आणि लोकांच्या मनातली तयार चित्रं हाच त्याचा सर्वांत जवळचा रस्ता होता. पण तयार चित्र वापरलं की ते आणखी पक्कं होतं. ज्या गावात चार भाषांची, अनेक जातिधर्मांची माणसं एकाच रांगेत तिकीट काढतात, तिथे रांगेतल्या एखाद्याला आपलाच चेहरा भिंतीवर ‘खुनी’ म्हणून सारखा दिसत असेल, तर त्याला काय वाटत असेल? हा प्रश्न आपल्या चित्रपट समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

म्हणून रहस्यपटाच्या पोस्टरांत आम्ही दोन प्रकारचं फसवणं वेगळं ठेवतो. एक पोस्टर आपल्या पूर्वग्रहाचा वापर करतं आणि शेवटी तो पूर्वग्रह आपल्याच पदरात टाकतं. ‘गुमराह’ने ते केलं. दुसरं पोस्टर पूर्वग्रहाचा वापर करतं आणि सिनेमाही त्यावर शिक्का मारतो, कुबडा होता म्हणजे खुनीच होता. पहिल्यात प्रेक्षक थोडा शहाणा होऊन बाहेर पडतो. दुसऱ्यात तो जसा आत गेला तसाच बाहेर येतो, फक्त जरा जास्त खात्री घेऊन.

बळीच्या चेहऱ्याचंही तसंच. रहस्यपटाच्या पोस्टरवर बळी म्हणजे बहुतेक वेळा बाई. हिचकॉकच्या ‘सायको’ने (१९६०) चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडणार नाही, असा दंडक घालून रहस्याचं केवढं कौतुक केलं. पण त्याच चित्रपटाच्या पोस्टरवर अंतर्वस्त्रांतली जॅनेट ली ठेवली. म्हणजे कथेचं रहस्य झाकलं आणि बाईचं शरीर उघडं ठेवलं. १९९१च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’च्या ओळखीच्या पोस्टरवर जोडी फॉस्टरच्या तोंडावर पतंग बसलेला आहे. पोस्टर देखणं आहे, कल्पक आहे. पण त्या चित्रपटात शोध घेणारी, प्रश्न विचारणारी तीच आहे, आणि पोस्टरवर नेमकं तिचंच तोंड बंद! शोधणाऱ्या बाईलाही पोस्टर आधी बळी करून घेतं, ही सवय जगभरची आहे.

मराठीत आणि हिंदीत ही चौकट अलीकडे थोडी हलली. ‘कहानी’ (२०१२) मध्ये गरोदर विद्या बालन समोर आणली गेली. गरोदर बाई म्हणजे जपायची, सांभाळायची, हा आपला संस्कार. पोस्टरने तो जागा केला. पुढचं आम्ही सांगत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना कळलं, ज्यांनी नाही पाहिला त्यांनी पाहावा. आणि मराठीत विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७). इथेही गरोदर नायिका, पूजा सावंत, आणि भोवती उसाचा फड. मुंबईच्या प्रेक्षकाला उसाचा फड म्हणजे दृश्य. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तो रोजचा आहे. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसात शिरलेलं माणूस दोन हातांवरून दिसत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून ती प्रतिमा आपल्यावर जास्त काम करते. भूत परक्या हवेलीत नाही, आपल्याच रानात आहे. आणि चित्रपट पुढे ज्या गुन्ह्याकडे नेतो, तो मुलींना जन्माआधीच किंवा जन्मताच संपवण्याचा, तोही परका नाहीच. प्रतिमा आणि आशय इतके एका जागचे असले, की पोस्टर जाहिरात न राहता साक्ष होतं. हिंदीत त्याचा ‘छोरी’ (२०२१) झाला, तरी ऊस गेला नाही, तो यामुळेच.

आता शेवटचा टप्पा, आजचा. रंगवलेला फलक गेला, फ्लेक्स आला. त्यात हळहळण्यासारखं बरंच आहे, पण ते बरेच जण बोलतात. आम्हाला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. पोस्टर आता भिंतीवरून हातातल्या फोनमध्ये गेलं आहे. तिथे ते अंगठ्याच्या नखाएवढं आहे, म्हणून त्यात जागा नाही, सावली नाही, गैरहजेरी दाखवायला रिकामपण नाही. उरतो तो एक मोठा चेहरा, अर्धा निळा आणि अर्धा केशरी. शिवाय नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे एकाच चित्रपटाचं वेगवेगळं चित्र दाखवतात, हे त्यांनी स्वतः २०१७मध्ये जाहीरपणे मांडलं आहे. म्हणजे तुम्हाला तो प्रेमपट दिसेल, आम्हाला रहस्यपट.

यात बिघडलं काय? बिघडलं हे, की चित्र सामाईक राहिलं नाही. भागवत थिएटरच्या आवारात एकाशेजारी एक पडदे, आणि बाहेर एकाशेजारी एक पोस्टरं. तिथे उभं राहून कानडी बोलणारा, तेलुगू बोलणारा आणि मराठी बोलणारा एकाच चित्राकडे बघून वाद घालू शकत होता. हा खुनी असेल, नाही बे, तो नोकर बघ, त्याचा डोळा बघ. काचेच्या पेटीतले फोटो बघून अर्धी गोष्ट तिथेच रचली जायची. गाण्याच्या पुस्तकात कथासार असायचं आणि नेमक्या जागी ते थांबायचं, पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा म्हणून. ते थांबणं सगळ्यांसाठी एकाच जागी होतं. कोणाचा पूर्वग्रह कुठे आहे, हे त्या वादात उघड व्हायचं, आणि सिनेमा सुटल्यावर कोण चुकलं तेही. आता प्रत्येकाला त्याच्या आवडीचं, म्हणजे त्याच्या सवयीचंच पोस्टर मिळतं. सवयीला धक्का देणारं कोणी उरत नाही. आणि आपण पाहिलं, रहस्यपटाचं मोठेपण तर सवयीला धक्का देण्यातच आहे.

मराठी रहस्यपटाच्या निर्मात्यांना आमचं यावर एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे पैसा कमी असतो, पडदे कमी मिळतात, मोठ्या हिंदी चित्रपटासारखी शहरभर जाहिरात परवडत नाही. तेव्हा तुमचं एक पोस्टर शंभरांचं काम करायला हवं. त्यावर सात चेहरे कोंबू नका. ‘पाठलाग’मध्ये (१९६४) राजा परांजपे यांनी एका चेहऱ्यावर अख्खं रहस्य उभं केलं, मेलेली पत्नी आणि तिच्यासारखीच दिसणारी आरोपी स्त्री. त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) झाला. एक चेहरा पुरतो, जर त्याच्याबद्दल एक प्रश्न असेल तर. आणि आपला ऊस, आपली बंद पडलेली गिरणी, आपली चिमणी, आपल्या जुन्या वाड्याचा जिना, यांत जेवढं दडलंय तेवढं उसन्या धुक्यात नाही.

आणि प्रेक्षक म्हणून आपल्याला? रहस्यपटाचं पोस्टर दिसलं की तीन प्रश्न विचारून पाहा. इथे काय दाखवलेलं नाही? कुठला चेहरा पाहून आपण लगेच निकाल दिला, आणि तो कशाच्या जोरावर? आणि ज्या बाईला बळी म्हणून समोर ठेवलंय, गोष्ट खरं तर तिची आहे की तिला पाहणाऱ्याची? या तीन प्रश्नांसाठी सिनेमाचं शिक्षण लागत नाही, वाचता यायलाही लागत नाही. चार भाषांच्या या गावाने ते भिंतीसमोर उभं राहून पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. फक्त मधला प्रश्न विचारायचा राहून गेला, तो आता विचारायला लागू.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तुमचे प्रश्न, हरकती जे काही असेल ते मोकळेपणाने मांडा.